खेळाचा संगणक आणि चांद्याचा उन्हाळा

वैशाखांत दुपारीं बाराच्या सुमारास चंद्रपूरच्या जटपुरा दरवाजाजवळचा गजबजलेला रस्ताहि ओस पडूं लागतो. पारा ४५ अंशांच्या आसपास पोंचलेला असतो, दुकानांवरचे पडदे खालीं ओढलेले असतात, आणि घरोघर वाळ्याच्या ताट्यांचे कूलर घरघरत असतात. शाळांना सुट्टी लागलेली. परंतु मैदान मात्र मुलांना बंद. ऊन लागेल या भीतीनें वडील माणसें त्यांना चार-पांच वाजेपर्यंत उंबरठा ओलांडूं देत नाहींत. अशा वेळीं ज्या घरांत संगणक आहे त्या घरांतील मुलें त्याच्यापुढें बसतात आणि खेळ सुरू होतो. म्हणजे वर्षांतील ज्या दिवसांत हवा सर्वांत तापलेली, त्याच दिवसांत व नेमक्या त्याच प्रहरीं त्या यंत्राला सर्वांत अधिक राबावें लागतें. खेळासाठीं संगणक घेऊं पाहणाऱ्या चंद्रपूर-गडचिरोलीकडील कुटुंबानें पहिली ध्यानांत घ्यावयाची गोष्ट ती हीच होय.

दुकानांत मात्र या गोष्टीचा उल्लेख क्वचितच होतो. तेथें ग्राहकापुढें आंकडे ठेवले जातात: इतके गिगाहर्ट्‌झ, इतके गाभे, इतके मेगाबाइट. मोठा आंकडा तो चांगला, अशी समजूत करून घेऊन वडील खिशांत हात घालतात. पुढें मे महिना उजाडतो आणि तोच संगणक तासाभरांत रडूं लागतो. पडद्यावरचा फलंदाज चेंडू येऊन गेल्यावर बॅट फिरवितो. मग दोष कधीं दुकानदाराला, कधीं मुलाला दिला जातो. वस्तुतः दोष बहुधा निवडीचा असतो. कित्येक महिन्यांच्या काटकसरीनें सांठविलेला पैसा ज्या वस्तूवर खर्च व्हावयाचा, तिची निवड तरी डोळसपणें व्हावी. त्यासाठीं प्रोसेसर म्हणजे काय, त्याच्या आंकड्यांचा अर्थ काय, आणि या दोन जिल्ह्यांत कोणत्या आंकड्याला किती मान द्यावा, हें समजून घेणें अगत्याचें आहे.

प्रोसेसर हा संगणकाचा हिशेब करणारा भाग. १९७१ सालीं इंटेल कंपनीनें ४००४ या नांवाचा, एकाच चिपेवर मावणारा प्रोसेसर विक्रीस आणला, त्यांत सुमारें २,३०० ट्रान्झिस्टर होते; आजच्या घरगुती प्रोसेसरांत ते अब्जावधि असतात. परंतु कामाचें मूळ स्वरूप बदललेलें नाहीं. आज्ञा वाचावयाची, ती पाळावयाची आणि पुढच्या आज्ञेकडे वळावयाचें. खेळ चालू असतां खेळाडूनें कोणती कळ दाबली, चेंडू कोठें टप्पा घेईल, शत्रु कोणत्या भिंतीआड दडला आहे, धक्का लागलेली वस्तु कोणत्या दिशेस कलंडेल, हा सारा हिशेब प्रोसेसर करतो आणि 'आतां असें चित्र काढ' असा हुकूम ग्राफिक्स कार्डाला देतो. रंग, छाया व प्रकाश भरून तें चित्र प्रत्यक्ष रेखाटण्याचें काम त्या कार्डाचें. साध्या पडद्यावर सेकंदास ६० चित्रें उमटतात; म्हणजे एका चित्राचा सर्व हिशेब सुमारें १६.७ सहस्रांश सेकंदांत उरकावा लागतो. सेकंदास १४४ चित्रें दाखविणारा पडदा असेल तर हीच मुदत ७ सहस्रांश सेकंदांहूनहि किंचित् कमी होते. हिशेब मुदतींत झाला नाहीं कीं चित्र अडखळतें. सरासरी कितीहि चांगली असली तरी मधूनमधून बसणारा हा अडखळा खेळाडूला फार जाचतो. प्रत्येक चित्राचा हिशेब वेळेवर होतो कीं नाहीं, एवढीच काय ती प्रोसेसरची परीक्षा.

हा हिशेब कसा चालतो हें कळण्यास गडचिरोलीच्या जंगलांतील तेंदूपानांचा हंगाम डोळ्यांपुढें आणावा. गांवोगांवचे लोक पहाटेस जंगलांत जाऊन पानें तोडतात, त्यांचे पुडे बांधतात आणि ते फळीवर आणून देतात. तेथें दिवाणजी पुडे मोजून वहींत नोंद करतो. रांग लौकर सरावयाची असेल तर उपाय दोन: एक तर दिवाणजी चपळ असावा, नाहीं तर एकाच्या जागीं चार दिवाणजी बसवावे. प्रोसेसर बनविणाऱ्यांनीं हे दोन्ही उपाय योजिले आहेत.

गिगाहर्ट्‌झ हें पहिल्या उपायाचें माप. एक गिगाहर्ट्‌झ म्हणजे सेकंदास एक अब्ज ठोके. परंतु दिवाणजीचा हात किती वेळां हालला यापेक्षां एका हालचालींत किती पुडे मोजले गेले, याला महत्त्व अधिक. २००४ सालीं पेंटियम ४ हा प्रोसेसर ३.८ गिगाहर्ट्‌झपर्यंत पोंचला होता. २०२२ सालीं आलेल्या कोअर आय५-१२४००एफ या प्रोसेसरची कमाल गति ४.४ गिगाहर्ट्‌झ आहे. आंकड्यांत अंतर थोडें दिसतें. पण नव्याचा एक गाभा एका ठोक्यांत जुन्याच्या कित्येक पट काम उरकतो. म्हणून गिगाहर्ट्‌झची तुलना करावयाची ती एकाच पिढींतील व एकाच घराण्यांतील प्रोसेसरांची करावी. निरनिराळ्या कंपन्यांचे किंवा निरनिराळ्या सालांचे आंकडे शेजारीं ठेवणें म्हणजे पायली आणि मीटर यांची तुलना करण्यासारखें आहे.

दुसरा उपाय गाभ्यांचा. गाभा म्हणजे एकेक स्वतंत्र दिवाणजी. काम वांटून देण्याची ही कल्पना महाराष्ट्राच्या चांगल्या परिचयाची आहे. पुण्याच्या सी-डॅक संस्थेनें, अकोला जिल्ह्यांत जन्मलेल्या विजय भटकर यांच्या नेतृत्वाखालीं, १९९१ सालीं परम ८००० हा महासंगणक सिद्ध केला तो याच तत्त्वावर. एकच प्रचंड प्रोसेसर न घेतां लहान लहान पुष्कळ प्रोसेसर एकत्र जोडावयाचे आणि मोठ्या कामाचे तुकडे त्यांच्यांत वांटून द्यावयाचे. शास्त्रीय गणितें अशा वांटणीस बहुधा सोयीचीं असतात. खेळाचें तसें नाहीं. चेंडू बॅटीला लागला कीं नाहीं हें ठरल्याविना तो कोणत्या दिशेस जाईल हें काढतां येत नाहीं. एका हिशेबाच्या उत्तरावांचून दुसरा अडून बसतो. त्यामुळें खेळांत एखादा गाभा मुख्य ओझें वाहतो आणि बाकीचे त्याच्या हाताखालीं राबतात. आजच्या बहुतेक खेळांना सहा चांगले गाभे पुरतात. आठ असल्यास थोडी ऐसपैस सोय होते. चार गाभ्यांवर मात्र नवे मोठे खेळ अडखळूं लागले आहेत. सोळा-चोवीस गाभ्यांचा खरा उपयोग चित्रफितींचें संपादन करणाऱ्यास किंवा खेळ रचणाऱ्यास होतो. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या मंडळींनीं २०२० सालीं 'राजी' हा खेळ प्रसिद्ध केला. अशा कामाची हौस ज्या मुलाला खरोखरच आहे, त्याच्यासाठीं जास्त गाभ्यांचा खर्च सार्थकीं लागेल. केवळ खेळणाऱ्यासाठीं तो व्यर्थ होय.

तिसरा आंकडा मेगाबाइटांचा. याला कॅश म्हणतात; रोकडीशीं त्याचा कांहीं संबंध नाहीं. फोडणी देतांना मोहरी, हळद व तिखट हाताशीं असलेल्या मसाल्याच्या डब्यांत सांपडलें तर काम झटपट होतें. कोठीच्या खोलींत जावें लागलें तर तेल जळूं लागतें. आणि बाजारांतून आणावें लागलें तर स्वयंपाकच खोळंबतो. प्रोसेसरचा कॅश हा मसाल्याचा डबा, संगणकाची मुख्य स्मृति ही कोठी, आणि माहिती सांठविणारी डिस्क हा बाजार. खेळांत वारंवार लागणाऱ्या वस्तु पुष्कळ, म्हणून डबा मोठा असला कीं फरक ताबडतोब जाणवतो. एएमडी कंपनीनें २०२२ सालीं रायझन ७ ५८००एक्स३डी या प्रोसेसरावर ६४ मेगाबाइटांचा कॅशचा जादा थर चढविला आणि एकूण कॅश ९६ मेगाबाइट केला. गाभे तेच आठ, घड्याळाचा वेग तर जुन्या भावंडाहून थोडा कमीच. तरीहि अनेक खेळांत तो त्याच्या पुढें गेला. ज्याला खेळच खेळावयाचे आहेत त्यानें गाभ्यांची संख्या वाढविण्यापेक्षां कॅशकडे अधिक लक्ष द्यावें, हा त्यांतला बोध.

एवढें सांगून झालें तरी एक प्रश्न उरतोच. चित्र रेखाटणारा कलावंत जर संथ असेल, तर हिशेबनीस कितीहि चपळ असून उपयोग काय? खेळाच्या संगणकांत बहुधा ग्राफिक्स कार्डावरच अधिक पैसा खर्च करावा लागतो. प्रोसेसरवर जेवढा खर्च होईल त्याच्या दुप्पट कार्डावर, हा ढोबळ अंदाज ठेवण्यास हरकत नाहीं. घरीं जुना संगणक असेल तर अडथळा कोणाचा आहे हें पाहण्याची एक सोपी रीत आहे. खेळाच्या मांडणींत जाऊन चित्राची बारकाई, म्हणजे रिझोल्यूशन, कमी करावी. तसें केल्यानें सेकंदास उमटणाऱ्या चित्रांची संख्या पुष्कळ वाढली, तर कार्ड थकलेलें आहे. ती जवळ जवळ तितकीच राहिली, तर प्रोसेसर थकलेला आहे. ज्या घटकाला विश्रांति हवी त्यालाच ती द्यावी. दुसऱ्यावर खर्च करूं नये.

आतां पुन्हां वैशाखाच्या दुपारीकडे वळावें. प्रोसेसरला मिळणारी जवळ जवळ सारी वीज शेवटीं उष्णतेंत बदलते. ती बाहेर काढण्यासाठीं त्याच्यावर धातूच्या पात्यांचा शीतक व पंखा बसवितात. परंतु पंखा थंडावा निर्माण करीत नाहीं. तो आंतली उष्णता खोलींतल्या हवेच्या स्वाधीन करतो, इतकेंच. म्हणून प्रोसेसरचें तापमान नेहमीं खोलीच्या तापमानाच्या वर मोजावें लागतें. समजा, २४ अंशांच्या खोलींत एखादा प्रोसेसर खेळतांना ७० अंशांवर स्थिर राहतो. त्याचा चढ ४६ अंशांचा झाला. खोली ४० अंशांवर गेली कीं तोच प्रोसेसर ८६ अंशांच्या आसपास पोंचणार. दुसरा एखादा अधिक जोमदार, अधिक महाग प्रोसेसर त्याच थंड खोलींत ८४ अंशांवर राहत असेल, तर तापलेल्या खोलींत त्याचा हिशेब १०० अंशांवर जातो. रायझन ५ ५६०० ची कमाल मर्यादा ९० अंश, रायझन ५ ७६०० ची ९५, आणि कोअर आय५-१२४०० ची १०० आहे. मर्यादा जवळ आली कीं प्रोसेसर जळत नाहीं. स्वतःच्या रक्षणासाठीं तो आपली गति कमी करतो. म्हणजे ज्या वेगासाठीं जादा पैसे मोजले, तो वेग नेमका सुट्टीच्या दुपारीं हातांतून निसटतो. परीक्षणाचे आंकडे बहुधा थंड केलेल्या खोलींत घेतलेले असतात. वरोरा किंवा ब्रह्मपुरी येथील घरांत ते जसेच्या तसे उतरतील अशी आशा बाळगूं नये.

यास्तव या भागांत सर्वांत आधीं पाहावयाचा आंकडा वॅटांचा. खोक्यावर ६५ वॅट लिहिलेले प्रोसेसर घरगुती खेळास योग्य. तेथेंहि सावधगिरी हवी, कारण तो आंकडा पुष्कळदां बैठकीचा असतो, धांवण्याचा नसतो. आय५-१२४००एफवर ६५ वॅट लिहिलेले असले तरी भर कामांत तो ११७ वॅटांपर्यंत जाऊं शकतो. आय९-१४९००के या बड्या प्रोसेसरचा मूळ आंकडा १२५ वॅट, तर कमाल २५३ वॅट. म्हणजे छताच्या तीन जुन्या पंख्यांहूनहि अधिक वीज पोस्टाच्या तिकिटाएवढ्या जागेंत उष्णता होऊन बसते. दोन संगणकांच्या विजेंत १०० वॅटांचा फरक असेल आणि रोज चार तास खेळ चालत असेल, तर महिन्याला १२ युनिटें जास्त पडतात. शिवाय ती उष्णता त्याच खोलींत राहते व कूलरला तिच्याशीं झगडावें लागतें. उलट, वॅटांची मर्यादा घालण्याची सोय बहुतेक नव्या प्रोसेसरांत असते. एएमडीच्या कांहीं प्रोसेसरांत तिला इको मोड म्हणतात. अशी मर्यादा घातल्यानें वीज पुष्कळ वांचते आणि खेळाची गति मात्र थोडीशीच घटते. मार्च ते जून हे चार महिने ही मर्यादा घालून ठेवणें शहाणपणाचें.

कॅशच्या थराचीहि या संदर्भांत एक खुबी आहे. ५८००एक्स३डीमध्यें तो थर गाभ्यांच्या वर बसविलेला होता. त्यामुळें गाभ्यांची उष्णता वर येण्यास अडथळा होई. २०२४ सालच्या रायझन ७ ९८००एक्स३डीमध्यें तो गाभ्यांच्या खालीं नेला आहे, आणि गाभे शीतकाच्या अधिक जवळ आले आहेत. दोन्ही महागच, परंतु ज्याला या जातीचाच प्रोसेसर हवा त्यानें उष्ण प्रदेशांत हा भेद विसरूं नये. सोबत शीतक मिळत नाहीं, तोहि खर्च धरावा. आणि तो हवेचा, मोठ्या पात्यांचा असावा. पाण्याच्या नळ्यांचा शीतक दिसावयास देखणा. पण त्याचा पंप बिघडला तर चंद्रपुरांत एक वेळ दुरुस्ती होईल, एटापल्लीस होणार नाहीं.

विदर्भाच्या घरांतील कूलर हा यंत्राचा मित्रहि आहे आणि शत्रुहि. कोरड्या हवेंत तो खोली पुष्कळ निववितो, व खोली निवली कीं प्रोसेसरहि निवतो. परंतु संगणक त्याच्या थेट झोतांत ठेवला तर ओल व क्षारांचे कण आंत शिरतात. तो झोताच्या बाजूस, भिंतीपासून वीतभर दूर ठेवावा. घुग्घुस, दुर्गापूर, बल्लारपूर अशा कोळशाच्या खाणींच्या शेजारीं राहणाऱ्यांना तर धुळीचा जाच निराळा सांगावयास नको. शीतकाच्या पात्यांत धुळीची चादर बसली कीं उत्तम प्रोसेसरहि गुदमरतो. महिन्यांतून एकदां जाळ्या झटकाव्या, आणि उन्हाळा लागण्यापूर्वी एकदां पेटी उघडून पातीं साफ करावीं. याला दमडीचा खर्च नाहीं.

विजेचीहि तीच कथा. चंद्रपूरच्या महाऔष्णिक विद्युत केंद्राची क्षमता २,९२० मेगावॅट आहे. राज्याच्या मोठ्या भागाला दिवा देणारा हा जिल्हा. तरीहि वादळवाऱ्यांत जंगलांतून गेलेल्या तारांवर झाड पडलें म्हणजे गांव अंधारांत जातें, आणि उन्हाळ्याच्या संध्याकाळीं सगळे कूलर एकदम सुरू झाले कीं दाब उतरतो. यूपीएसशिवाय संगणक चालविणें म्हणून धोक्याचें. येथेंहि कमी वॅटांचा प्रोसेसर उपकारक ठरतो. ६५ वॅटांचा प्रोसेसर व आरटीएक्स ४०६० सारखें ११५ वॅटांचें कार्ड असलेला संगणक पडद्यासह २५० ते ३०० वॅटांच्या आसपास राहतो. हजार व्हीएचा साधा यूपीएस त्याला खेळ जतन करून नीट बंद होण्यापुरता अवधि देतो. बड्या प्रोसेसराला व बड्या कार्डाला तसलाच आधार द्यावयाचा तर यूपीएसहि बडा लागतो.

गडचिरोलीकडे आणखी एक प्रश्न येतो, तो अंतराचा. २६ ऑगस्ट १९८२ रोजीं चंद्रपुरापासून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्याचें दक्षिण टोंक सिरोंचा, तेथून जिल्ह्याचें ठिकाणच सुमारें दोनशें किलोमीटर. पावसाळ्यांत पर्लकोटेच्या पुरानें भामरागडचा संपर्क वारंवार तुटत आलेला आहे. अशा ठिकाणीं यंत्र बिघडलें तर तें नागपुरास पोंचून परत येईपर्यंत महिना जातो. म्हणून प्रोसेसरच्या नांवापुढील अक्षरें नीट वाचावीं. इंटेलच्या नांवापुढें एफ असेल तर त्या प्रोसेसरांत स्वतःचे ग्राफिक्स नाहींत. कार्ड बिघडलें कीं पडदाच काळा. खेळ तर बंदच, पण मुलाचा अभ्यास आणि वडिलांचे अर्जहि बंद. साध्या आय५-१२४०० मध्यें तीच शक्ति असून अंगचे लहानसे ग्राफिक्स आहेत. रायझन ५ ७६०० मध्येंहि आहेत. रायझन ५ ५६०० मध्यें नाहींत. शहरांत एफ घेऊन थोडे पैसे वांचविण्यास हरकत नाहीं. अहेरी किंवा धानोऱ्यास तेच पैसे पुढें भारी पडतात. लॅपटॉपला अंगची बॅटरी असते, वीज गेली तरी काम चालू राहतें, हा मोठा लाभ. परंतु अरुंद पेटींत उष्णता कोंडते, बॅटरीवर खेळाची गति उतरते आणि प्रोसेसर बदलतां येत नाहीं. अभ्यास मुख्य व खेळ गौण असेल तेथें तो घ्यावा.

हें सर्व ध्यानांत घेतां कुटुंबांचे साधारण तीन वर्ग पडतात. पहिलें घर असें, कीं जेथें अभ्यास, बँकेची कामें आणि अधूनमधून हलके किंवा जुने खेळ एवढीच गरज आहे. २००६ सालचा 'क्रिकेट ०७' अजूनहि आवडीनें खेळणारीं मुलें पुष्कळ आहेत. त्या घरानें स्वतंत्र कार्ड न घेतां रायझन ५ ५६००जी किंवा ८६००जी यांसारखा, अंगचे बरे ग्राफिक्स असलेला प्रोसेसर घ्यावा. कार्डाचा खर्च, वीज व उष्णता तिन्ही वांचतात. दुसरें घर 'व्हॅलोरंट', 'काउंटर-स्ट्राइक २' असे चढाओढीचे खेळ साध्या आकाराच्या पडद्यावर खेळणाऱ्यांचें. येथें प्रोसेसरवर भार पडतो खरा, पण सहा गाभ्यांचा ६५ वॅटांचा प्रोसेसर तो सुखानें पेलतो: हात आंखडता असेल तर रायझन ५ ५६०० किंवा आय५-१२४००, आणि पुढें वाढविण्याचा विचार असेल तर रायझन ५ ७६००. तिसरें घर शहरें वसविणारे, विमानें उडविणारे, प्रचंड हिशेबाचे खेळ खेळणाऱ्यांचें. तेथें मोठ्या कॅशचा आठ गाभ्यांचा प्रोसेसर शोभतो, पण खोली थंड ठेवण्याची सोय असेल तरच.

पुढें वाढविण्याचा विचार म्हणजे पाटीचा, मदरबोर्डाचा विचार. एएमडीची एएम४ बैठक रायझनबरोबर २०१७ सालीं घरोघर पोंचली, आणि २०२२ सालचा ५८००एक्स३डीहि तिच्यावर बसला. त्यामुळें अनेकांना जुनी पाटी न टाकतां नवा प्रोसेसर घालतां आला. त्याच कंपनीची एएम५ बैठक २०२२ ची आहे. तिच्यासाठीं डीडीआर५ जातीची स्मृति लागते, आणि २०२५ च्या अखेरीस स्मृतीचे भाव बरेच चढले. म्हणून प्रोसेसर, पाटी आणि स्मृति या तिघांची किंमत एकत्र मांडूनच निर्णय करावा; एकट्या प्रोसेसरचा स्वस्तपणा फसवा असतो.

जुना माल घेणाऱ्यांनीं तर दुप्पट सावध असावें. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं संपला. विंडोज ११ साठीं इंटेलची साधारण आठवी पिढी किंवा रायझनची २००० ही मालिका, त्यापुढचाच प्रोसेसर चालतो. 'व्हॅलोरंट' सारखा खेळ विंडोज ११ वर सुरक्षेच्या आणखी अटी घालतो. स्वस्तांत मिळालेला चौथ्या पिढीचा आय७ त्या अटींत बसत नाहीं, मग त्यावरील सात हा आंकडा कितीहि भारदस्त दिसो. इंटेलच्या तेराव्या व चौदाव्या पिढींतील कांहीं जोमदार प्रोसेसरांना जादा दाबामुळें अस्थिरतेचा विकार जडतो, हें २०२४ सालीं उघड झालें. कंपनीनें सुधारणा प्रसृत केली आणि हमी दोन वर्षांनीं वाढविली. असा प्रोसेसर वापरलेला घेऊं नये. घेतलाच तर पाटीचें बायोस अद्ययावत् करून घ्यावें. नवा घेतांना बंद खोक्यांतला मागावा, त्यावर कंपनीची तीन वर्षांची हमी असते. सुटा प्रोसेसर कांहींसा स्वस्त पडतो, पण हमीच्या वेळीं खरेदीदार दुकानदाराच्या मर्जीवर राहतो. पावती जपून ठेवावी हें गृहिणींना सांगण्याची गरज नाहीं.

शेवटीं एक गैरसमज. दुसऱ्या गांवच्या मित्रांशीं खेळतांना पडद्यावरचा गडी मध्येंच गोठतो, आणि मुलगा नवा प्रोसेसर मागतो. पण तो विलंब पुष्कळदां तारेंतला असतो, यंत्रांतला नसतो. संदेश मुंबईच्या सर्व्हरपर्यंत जाऊन परत येण्यास लागणारा वेळ कोणताहि प्रोसेसर कमी करूं शकत नाहीं. खेळांतच तो वेळ आंकड्यांत पाहतां येतो. तो वरखालीं नाचत असेल तर आधीं राउटर व जोडणी तपासावी, आणि दुकानाची वाट मागाहून धरावी.

तेव्हां दुकानांत गेल्यावर 'सर्वांत वेगवान् कोणता?' हा प्रश्न वडिलांनीं विचारूं नये. आमचा पडदा असा आहे, कार्ड असें आहे, खेळ हे आहेत, आणि दुपारीं दोन वाजतां खोली ४० अंशांवर जाते. एवढ्यांत तासभर न अडखळतां कोणता चालेल, असें विचारावें. नवा संगणक सुट्टीपूर्वींच आणावा. पहिल्या कडक दुपारीं तासभर खेळ चालवून तापमान पाहावें. ८५ अंशांच्या खालीं राहिलें तर निवड साधली असें समजावें. वर गेलें तर वॅटांची मर्यादा घालावी, पातीं पुसावीं, पेटीची जागा बदलावी. बहुतेक वेळां तेवढ्यानेंच भागतें. संध्याकाळीं ऊन उतरलें म्हणजे यंत्र बंद करून मुलांना मैदानावर धाडावें. त्यामुळें यंत्रालाहि निवण्यास अवसर मिळतो आणि मुलांनाहि.